खाजणातली वाट

दातिवरे,
१२ जानेवारी २०२५

चि. स्वरास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर बोलायचं तर बळवंतचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, आणि तुझ्या आत्याला हळू बोलता येत नाही हे सगळ्या माहेराला ठाऊक आहे. मेसेज लिहायला घेतला तर एकेक अक्षर शोधता शोधता माझा राग निवतो. मला तो निवायला नको आहे.

तर ऐक. तू मॅपवर टाकलेलं माझं 'सुगंधा घरगुती जेवण' मेलं. विरारचे ते जुने गिऱ्हाईक, दर हिवाळ्यात उकडहंडी खायला येणारे, त्यांचा परवा तुझ्या काकांना फोन आला. आवाज अगदी पडलेला. "वहिनी गेल्या का हो? मॅपवर कायमचं बंद लिहिलंय." तुझे काका म्हणाले, "नाय, हाय ना, मागं भांडी घासते." मी फोन हिसकावून घेतला आणि जिवंत असल्याचं स्वतः सांगितलं.

नाताळापासून माझ्या जेवणाच्या मांडवात माणूस का नाही ते तेव्हा कळलं. माझा चुलत दीर बळवंत, किनाऱ्यावरच्या 'सागरसाक्षी' रिसॉर्टचा मालक, त्याच्या पोराचं, मितेशचं हे काम. तिथे स्वयंपाकाला जाणारी अर्चना सांगत होती, मितेशने सगळ्या कामगारांना ओळीने बसवलं आणि ज्याच्या त्याच्या फोनवरून 'हे ठिकाण बंद आहे' असं दाबायला लावलं. सुट्टीत आला की माझ्या हातची कोळंबी मागून खाणारा पोरगा.

या घरात विहीर सासऱ्यांची, ओटा सासूचा, वाडी नवऱ्याची. तो मांडव तेवढा मी घातला. तो गेला तर मी या घरात कोण, ते तूच सांग. तुझे काका म्हणतात, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही. तुझं मॅपवर एवढं वजन आहे, तर 'सागरसाक्षी'पुढेही लिही. बंद नको, जळालं म्हणून लिही.

तुझी,
सुगंधाआत्या


सरावली,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

शाळा सुटल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. लॅबमधून सुटून घरी आले, दोन पानं फाडली आणि आता तिसऱ्यावर लिहिते आहे.

'जळालं' असा पर्याय मॅपवर नसतो. असता तरी मी दाबला नसता. रागावू नकोस, आधी ऐक. गेल्या पावसाळ्यात जव्हारच्या बाजूला मी बाइकवर रस्ता चुकले होते. अंधारून आलं होतं, विचारायला रस्त्यावर कुणी नाही. मॅपवर कुणी अनोळखी माणसाने लिहून ठेवलं होतं, 'पुढचा फरशी पूल पाण्याखाली जातो, इथूनच मागे वळा.' मी वळले. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या पुलावरून एक टेम्पो वाहून गेला होता. तो माणूस कोण, मला आजही माहीत नाही. तेव्हापासून रविवारी गाडी काढते ती त्याच्यासारखं काहीतरी लिहून ठेवायला. तिथे मी खोटं लिहिणार नाही, बळवंतकाकांसाठी तर मुळीच नाही.

पण तुझा मांडव उघडू. तुझ्या फोनवर तुझं स्वतःचं खातं काढ, काका मदत करतील. आजचे फोटो टाक, चुलीचे, वाढलेल्या पानांचे. वेळा लिही. आजूबाजूचं जे तुला ठाऊक आहे तेही लिहीत जा. नोंदी खऱ्या निघत गेल्या की मॅप त्या माणसावर भरवसा ठेवतो. मी माझ्याकडून 'चालू आहे' असं कळवलंय.

बाबा म्हणाले, सुगंधाला सांग, डोकं थंड ठेव.

तुझी,
स्वरा


दातिवरे,
२ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरास आशीर्वाद.

तुझ्या बाबांना सांग, डोकं थंड ठेवायला मी बर्फाच्या कारखान्यात राहत नाही.

मांडव उघडला. काल दोन गाड्या आल्या. बोंबील संपले, मग सुकट परतून घातली, तीही चाटूनपुसून खाल्ली. बळवंत गच्चीवरून बघत होता. मी मुद्दाम अंगणात येऊन पानं वाढली.

आणि बाय, हे तुझं खूळ मलाही लागलं गं. चिंचेखालच्या बोअरिंगचं पाणी मचूळ आहे, पिऊ नये, असं लिहिलं. माडांखाली गाडी लावू नका, नारळ पडतो, असं लिहिलं. किनाऱ्यावर उजव्या अंगाला कालवांचे दगड आहेत, लहान मुलांचे पाय कापतील, असं लिहिलं. ते वाचून कुणी ठाण्याची बाई 'खूप उपयोग झाला' असं म्हणाली. मी ते तुझ्या काकांना चार वेळा वाचून दाखवलं.

मग 'सागरसाक्षी'कडे वळले. घाबरू नकोस, खोटं एक अक्षर नाही. त्यांनी लिहिलंय, प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो. मी अर्चनाकडून प्रत्येक खिडकीतून फोटो काढून घेतले. दोन खोल्यांतून माझा गोठा दिसतो. एकीतून माझी म्हैस सरळ तुमच्याकडे बघते. टाकले सगळे. खरं लिहिण्यात एवढी मजा असते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुझी,
आत्या


सरावली,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

म्हशीचा फोटो आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी पाहिला. आमचा सुजीत हसून हसून खुर्चीवरून घसरला.

आता मात्र पुरे कर. मांडव चालू झाला, तुझं म्हणणं खरं ठरलं. मितेश गप्प बसणारा नाही, आणि तुम्ही दोघं एकमेकांचं उट्टं काढत बसलात तर मध्ये भलतंच कुणी सापडेल. तू जे पाण्याचं आणि दगडांचं लिहिलंस ना, ते इतकं चांगलं आहे की मी ते मैत्रिणींना दाखवते. तेच करत राहा.

तुझी,
स्वरा


दातिवरे,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरास आशीर्वाद.

मितेश गप्प बसला नाही. त्याने माझ्या दारावरचा रस्ताच काढून घेतला.

म्हणजे बघ. गावात शिरायच्या आधी फाटा लागतो. सरळ आलं की माझा मांडव, पुढे देऊळ, मग किनारा. त्या फाट्यावरून डावीकडे खाडीकाठच्या खाजणातून एक वाट जाते, बांधावरून, ती गावाला वळसा घालून थेट 'सागरसाक्षी'च्या मागे निघते. मितेशने ती मॅपवर रस्ता म्हणून टाकली. आता पालघरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला फोनमधली बाई सांगते, डावीकडे वळा. माझ्या दारात धूळसुद्धा उडत नाही.

आता यातली गंमत ऐक. पोरगा लहानपणापासून बोरिवलीला आजोळी वाढला. तो ती वाट बघायला गेला गेल्या अष्टमीला, भर दुपारी. अष्टमीला भांग असतो. पाण्याला जोर नाही, आणि दुपारी तर ओहोटीच. वाट ठणठणीत कोरडी. बाइक घालून खुशाल पलीकडे गेला आणि मोजून आला. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला तीच वाट भर दुपारी पाण्याखाली असते. बळवंतला हे ठाऊक आहे, पण त्याला मॅप बघता येत नाही. पोराने त्याला एवढंच सांगितलंय की बाबा, पाहुणे आता काकूच्या दारावरून येणार नाहीत. तो खूश.

काल माझ्या फोनवर मॅपनेच विचारलं, 'हा रस्ता गाड्यांसाठी योग्य आहे का? हो, नाही, नक्की माहीत नाही.' मी फोन पालथा घातला आणि भाकऱ्या थापायला बसले. मी खोटं लिहिणार नाही, तुला शब्द दिलाय. मूग गिळून बसायला कुणाची बंदी नाही.

तुझी,
आत्या


सरावली,
२७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

आज नमस्कार लिहिण्याइतकी शांत नाही मी.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते जेवता जेवता उठले. म्हणाले, त्या बांधावर मधे सखल आहे, तिथे पाणी आधी मागून भरतं, माणसाला कळेपर्यंत पुढचीही वाट गेलेली असते. हे तुला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

त्या गाडीत मितेश बसणार नाही, आत्या. बळवंतकाकाही नाहीत. कुणीतरी कल्याणचं, नाशिकचं, सुट्टीला निघालेलं. त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?

'नाही' दाब. एक बोट लागतं.

स्वरा


दातिवरे,
४ मार्च २०२५

चि. स्वरास आशीर्वाद.

शिवरात्रीनंतरच्या शनिवारी उधाण होतं. गाडी रुतली. चार दांडगे पोरगे होते, चाकं चिखलात गेली, पाणी यायच्या आत उतरून पळाले. बळवंतला ट्रॅक्टर न्यावा लागला. त्या पोरांनी त्याला अशा शिव्या घातल्या की देवळापर्यंत ऐकू गेल्या. 'सागरसाक्षी'वर काय काय लिहिलं ते तू वाचलंच असशील. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले, खोटं का सांगू.

आणि मितेश म्हणतो कसा, चिखल होता म्हणून रुतली, आता खडी टाकतो. भरतीचं त्याच्या डोक्यात अजून शिरलेलंच नाही. बापाला मात्र त्याने सांगितलंय की वाट मॅपवरून काढली, भिंतीपलीकडून ऐकलं मी.

तू मला विचारतेस त्यांनी काय वाकडं केलं. माझ्या दारावरून न बघता गेले, एवढं केलं. पूर्वी माणसं गाडीची काच खाली करून विचारायची, "मावशी, किनारा कुठे?" मी सांगायची, पाणी द्यायची, मग ती बसायची. आता फोनमधली बाई सांगेल तिकडे जातात. जाऊ देत. चार गाड्या बुडाल्या की बळवंत आपण होऊन माझ्या ओट्यावर येईल आणि हात जोडेल. मला तेवढं बघायचंय.

आत्या


सरावली,
१० मार्च २०२५

आत्या,

मी तुला रोज फोन करते, तू उचलत नाहीस. हे पत्र अर्चनाच्या हाती देते. ती इथे माहेरी आली होती, होळीआधी परत जाते आहे.

मी स्वतः ती वाट चुकीची असल्याचं कळवलं. मॅपने नाकारलं. मी तिथे कधी गेलेली नाही, फोटो नाही, तुझा मांडव सोडला तर माझ्या सगळ्या नोंदी बोईसर-तारापूरच्या. बळवंतकाकांना फोन केला. ते म्हणाले, "तुझ्या आत्याने पढवलं काय तुला?" आणि ठेवून दिला. तुमच्या भांडणात खरं बोलणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही, इथवर आणलंय तुम्ही.

तुझ्या भागात आता तुझ्याच शब्दाला मान आहे. पाणी, दगड, नारळ, सगळं खरं निघालंय. तुझं एक 'नाही' पुरेल. शुक्रवारी धुळवड आहे, लागून शनिवार-रविवार. बाबा म्हणतात होळीचं उधाण मोठं असतं आणि भर दुपारी भरतं. लोक जेवायच्या वेळेला पोचायचं म्हणून त्याच सुमारास येतात.

मी तुला हे खातं काढायला शिकवलं, आत्या. एवढंच म्हणते.

स्वरा


दातिवरे,
१७ मार्च २०२५

चि. स्वरा,

तुझं पत्र मला होळीच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचलं. घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवलं. फोनला हात लावला नाही.

धुळवडीला दुपारी मी फाट्यावर गेले. कशाला, ते तुला माहीत आहे. बघायला गेले. तिथे आपल्या आळीतल्या पोरांनी रस्त्याला आडवी दोरी धरली होती, दरवर्षी होळीचं पोस्त मागायला धरतात तशी. गाडी आली की थांबवायची, काहीतरी घेतल्याशिवाय सोडायची नाही. त्यांनी माझ्याही तोंडाला रंग फासला. मी तिथेच दगडावर बसले. खाजणात पाणी चढत होतं.

पांढरी गाडी आली. मागच्या काचेला नाक लावून एक लहान मुलगी बाहेर बघत होती, रंगलेली पोरं बघून हसत होती. स्वरे, मी काही ठरवलं नव्हतं, पण मी उठले. रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर केले आणि ओरडले, थांबा, तिकडं जाऊ नका. काचा बंद होत्या. चालवणाऱ्याने दोरी बघितली, पोरं बघितली, रंगाने माखलेली मी बघितली आणि हसून हात हलवला, आपण भिकाऱ्याला हलवतो ना, तसा. त्याला वाटलं मी पोस्त मागते. दोरी चुकवायला म्हणून त्याने वेग वाढवला आणि डावीकडे खाजणात वळला.

मी धावले. पोरांना म्हटलं, दोरी घेऊन या. सखलात पोचलो तेव्हा गाडीच्या दाराला पाणी लागलं होतं, पुढेही पाणी, मागेही पाणी. नवरा दार ढकलत होता, ते उघडेना. बायको मुलीला खिडकीतून वर धरून उभी होती. पोरांनी दोरी माझ्या कमरेला बांधली. मी छातीइतक्या पाण्यात गेले, मुलीला घेतलं, मग तिच्या आईला, मग त्याला ओढलं. वर येऊन वळून बघितलं तर गाडीचं नुसतं छप्पर दिसत होतं. पाण्याचा आवाज येत होता.

त्यांना घरी आणलं. माझी लुगडी नेसायला दिली, मुलीला काकांचा सदरा घातला. गरम भात, कोळंबीचं कालवण वाढलं. ती बाई, भाग्यश्री तिचं नाव, माझा हात सोडेना. तेवढ्यात बळवंत धापा टाकत आला, मागे मितेश. तिचा नवरा उठला आणि सगळ्या गावासमोर बळवंतला नको नको ते बोलला. बळवंतने हात जोडले. "पोराला कळलं नाय साहेब, माफ करा." आणि माझ्या ओट्यावर, माझ्या मांडवात, मान खाली घालून बसला. मला जे हवं होतं ते सगळं झालं. तसंच झालं.

मग ती बाई भात कालवत मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत होतं ना पाणी येतं? मग तुम्ही गावातल्या लोकांनीच मॅपवर लिहायला हवं. आमच्यासारख्यांना कसं कळणार?" मी म्हटलं, "मला जमत नाय गं त्यातलं, बाई." तुला दिलेला शब्द त्या क्षणी मोडला. ती म्हणाली, सोपं असतं, द्या फोन, मी शिकवते, माझा तर बुडाला. माझा फोन फळीवर होता. मी नको नको म्हणेपर्यंत तिने घेतला. त्याला कुलूप नाही.

तिने मॅप उघडला. वरतीच तो प्रश्न तसाच पडला होता, हा रस्ता गाड्यांसाठी योग्य आहे का. खाली माझ्या सगळ्या नोंदी. बोअरिंगचं पाणी. नारळ. लहान मुलांचे पाय कापतील. ती एकेक वाचत खाली गेली आणि पुन्हा वर आली. मग फोन माझ्यासमोर ठेवला. मुलीचं तोंड पदराने पुसलं, तिला उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, चला. पानात भात तसाच होता. मुलीच्याही. मी इतकी वर्षं वाढते आहे, स्वरा, माझ्या मांडवातून कुणी पानावरून उठून गेलेलं नव्हतं.

'नाही' मी दाबलं ते रात्री, सगळे गेल्यावर. ती वाट आता मॅपवरून गेली आहे, बघून घे.

तेव्हा मात्र मी तिथेच बसून राहिले. मला ती पानं उचलवेनात. बळवंत उठला. त्याने जमिनीवरचा फोन उचलला. त्याला मॅप समजत नाही, पण तो प्रश्न मराठीतच होता. त्याने तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "वहिनी, तुला म्हायत होतं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. त्याने फोन फळीवर ठेवला, सगळी पानं उचलून मागे नेली आणि घरी गेला.

आज चौथा दिवस. गावात मला सगळे शाबासकी देतात, देवळात परवा माझा सत्कार करायचा म्हणतात. बळवंतने कुणाला एक शब्द सांगितलेला नाही, मितेशलासुद्धा नाही. भिंतीला कान लावून बघितलं मी. तो सांगणारही नाही. सांगितलं असतं तर मी भांडले असते, त्याने माझा मांडव कसा बंद केला ते चव्हाट्यावर मांडलं असतं. सकाळी विहिरीवर भेटतो, बाजूला होतो आणि मला आधी पाणी भरू देतो.

आत्या